चारातलं एक

अक्का पहिल्यांदा पडली ती मुखेडच्या बस स्टँडवर. एसटीच्या पायरीवर तिनं उजवा पाय ठेवला, दांडा धरला आणि डावा पाय वर आलाच नाही. मागं बायकांची रेटारेटी चालली होती. मी खाली दप्तर धरून उभी. ती अठराची, मी तेराची. कंडक्टर वरून ओरडला, "चल की बाई, पायरीची पूजा करून राहिलीस का?" लोक हसले. अक्काही हसली आणि हसता हसताच मागच्या मागं खाली बसली.

त्या दिवशी आम्ही दुसऱ्या गाडीनं गेलो. मी मागून ढकललं, तेव्हा ती चढली. वाटेत तिनं त्या कंडक्टरची अशी हुबेहूब नक्कल केली, की पुढच्या बाकावरची म्हातारी वळून पाहायला लागली. अक्काला नकला छान यायच्या. हेडमास्तर, तलाठी, शेजारची काकू, सगळे तिच्या गळ्यात राहायचे. त्यामुळं ती पडली ही गोष्ट आम्ही दोघीही घरी पोचेपर्यंत विसरून गेलो. किंवा विसरलो असं दाखवलं.

पुढच्या दोन वर्षांत ते लपवता येईना. जमिनीवरून उठताना ती आधी गुडघ्यावर हात ठेवायची, मग मांडीवर, मग कमरेवर. स्वतःच्याच अंगाचा आधार घेत वर यायची. माय चिडायची. "तरण्या पोरीनं असं म्हातारीवानी उठायचं असतं का?" माय म्हणजे आमची आई. ती वाईट नव्हती. पोरगी लग्नाची झाली होती आणि पाहायला येणाऱ्या बायकांसमोर तिला पाटावरून उठायचं होतं, एवढंच तिला दिसत होतं.

पाहायला आलेल्या तिसऱ्या घरासमोर अक्काला उठताच आलं नाही. तिनं चहाचा ट्रे पुढं केला, खाली बसली, नमस्कार केला आणि तशीच बसून राहिली. मी जाऊन तिला काखेत हात घालून उठवलं. ते लोक चहा न पिता गेले.

मग लातूरचा दवाखाना झाला. मोठे डॉक्टर, मज्जातंतूंचे. त्यांनी अक्काला चालायला लावलं, खुर्चीवरून उठायला लावलं, पोटरी दाबून पाहिली. नंतर मायकडं वळून विचारलं, "लग्नाआधी तुमचं आणि ह्यांच्या वडिलांचं काही नातं?"

माय पदर सावरत म्हणाली, "हाव. माझे सख्खे आतेभाऊ होते." वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

डॉक्टरांनी कागदावर दोन शब्द लिहिले आणि त्याखाली रेघ ओढली. स्नायूंचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल, औषध नाही, असं ते सांगत होते. मायचं लक्ष मात्र त्या रेघेवर होतं. परतीच्या गाडीत अहमदपूर ओलांडेपर्यंत ती तो कागद मांडीवर धरून बसली होती. मग मला म्हणाली, "नात्याचं त्यांनी लिहून कामून घेतलं गं?"

मी सतरा वर्षांची. माझं सगळं शिक्षण त्या एका प्रश्नामागं गेलं असं कुणी म्हटलं तर ते फार सुंदर वाटेल, पण तसं झालं नाही. प्राणिशास्त्राला प्रवेश मिळत होता म्हणून मी प्राणिशास्त्र घेतलं. माशांपाशी पोचले तीही अशीच, एका जागेची जाहिरात पाहून.

आमची प्रयोगशाळा नांदेडला, एका महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. दोन खोल्या. आतल्या खोलीत मांडण्यांवर ओळीनं प्लॅस्टिकच्या टाक्या आणि त्यांत झेब्राफिश. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, अंगावर निळसर पट्टे, शोभेच्या माशांच्या दुकानातही मिळतो. प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या मॅडम, मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, "दिसायला काही नाही. पण ह्याचं पिल्लू आईच्या पोटात वाढत नाही, पाण्यात वाढतं, आणि काचेसारखं आरपार दिसतं. एका दिवसात हृदय ठोके देताना दाखवते." आणि खरंच त्यांनी दाखवलं. सूक्ष्मदर्शकाखाली मोहरीएवढं अंडं, त्यात शेपटीचा आकडा, आणि एक ठिपका धडधडत होता.

माणसाला घराण्यातून येणारे आजार ज्या जनुकांमुळं होतात, त्यांतल्या पुष्कळांची भावंडं ह्या माशात आहेत. ते जनुक माशात बिघडवायचं आणि पाहायचं, काय होतं. काम एवढंच, पण ते करायला वर्षं लागतात. मी रोज सकाळी पाण्याचं तापमान लिहायची, टाक्या धुवायची, मिठाच्या पाण्यात उबवलेले बारीक झिंगे पिपेटनं पिल्लांना घालायची. पाणी बघणं हे माझ्याकडंच होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे.

तोवर गावची जमीन चुलत्यांना बटईनं देऊन माय आणि अक्का माझ्यापाशी नांदेडला आल्या होत्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, उंबरा नसलेल्या. उंबरा नको, ही अक्काची एकच अट. ती सत्तावीसची झाली होती आणि चाकाच्या खुर्चीत बसत होती. हात खांद्यापासून वर जात नव्हते. केस माय विंचरायची. आवाज मात्र शाबूत होता. घरमालक, दूधवाला आणि आमच्या मॅडम, ज्यांना तिनं फक्त फोनवर ऐकलं होतं, सगळे तिच्या गळ्यात येऊन राहिले होते.

लातूरच्या डॉक्टरांनी त्या वर्षी तिचं रक्त बाहेर तपासणीला पाठवलं. आठ पानांचा अहवाल आला. स्नायूच्या आवरणाशी संबंध असलेल्या एका जनुकात एकच अक्षर बदललेलं होतं. आईकडून आलेल्या प्रतीतही तेच आणि वडिलांकडून आलेल्या प्रतीतही तेच. पण पुढं लिहिलं होतं, ह्या बदलाचा अर्थ अनिश्चित. डॉक्टर म्हणाले, "हेच कारण असू शकतं. नसूही शकतं. असा बदल दुसऱ्या कुणात नोंदलेला नाही, म्हणून मी खात्रीनं सांगू शकत नाही."

घरी आल्यावर अक्कानं चष्मा नाकावर ओढल्यासारखं तोंड केलं आणि डॉक्टरांच्या आवाजात म्हणाली, "असू शकतं. नसूही शकतं." मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "बारके, मी मरेपर्यंत हे असंच ठेवणार का गं? असू शकतं, नसूही शकतं?"

मी अहवाल मॅडमकडं नेला. त्यांनी तो दोनदा वाचला. "ह्याची खातरजमा माशात करता येईल," त्या म्हणाल्या. "पण तू करू नकोस. घरचा आजार टेबलावर घेऊ नये माणसानं. हात थरथरतो." मी म्हटलं, नाही थरथरणार. त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा तेच म्हटलं. मग परवानग्यांचे कागद झाले. संमतीच्या कागदावर अक्कानं सही केली. मी तिचा हात उचलून टेबलावर ठेवला, तेव्हा तिला सही करता आली.

आम्ही काय केलं ते सोप्या शब्दांत सांगते. नुकत्याच पडलेल्या अंड्यांत केसाएवढ्या काचेच्या सुईनं टोचून तेच जनुक मोडलं. त्या अंड्यांतून मासे वाढवले. त्यांची पिल्लं, मग त्यांचीही. एक पिढी अंडी द्यायला तयार व्हायला तीन महिने लागतात. शेवटी असे मासे हाती आले ज्यांच्या जनुकाची एक प्रत मोडकी होती आणि एक धड. ते अगदी निरोगी दिसत होते. पोहत होते, खात होते. शेपटीचा बारीक तुकडा तपासल्याशिवाय कळत नव्हतं.

अशा दोघांना संध्याकाळी एका छोट्या टाकीत सोडायचं, मध्ये पारदर्शक पडदा घालून. सकाळी खोलीतले दिवे लागले की पडदा काढायचा. वीसेक मिनिटांत तळाशी अंडी दिसायला लागतात. पहिल्यांदा मी तो पडदा काढला तेव्हा हात थरथरला नाही. पण मला शिरूर अनंतपाळजवळचं आजोळ आठवलं. तिथल्या अंगणात मायचं लग्न झालं होतं, तिच्या आत्याच्या मुलाशी. घरची पोरगी घरात राहिली म्हणून सगळे खूश होते. दोघंही निरोगी. कुणाला काय दिसणार होतं?

पाचव्या दिवशी पिल्लं मोजली. बहुतेक सुईचं टोक लागताच सुळकन पळत होती. चारातलं एक, दोन्हीकडून मोडकी प्रत आलेलं, पळत नव्हतं. ते एका कुशीवर पडलेलं असायचं. स्पर्श केला की अंगाला एक झटका यायचा आणि ते तिथंच राहायचं. विशिष्ट प्रकाशात धरलं की धड पिल्लाच्या पाठीचे स्नायू चांदीसारखे उजळ दिसतात, ह्यांच्यात मध्येमध्ये काळी भोकं होती. मी संध्याकाळपर्यंत फोटो घेत राहिले. घरी गेले तेव्हा अक्काला सगळं सांगितलं.

"मला बघायचेत," अक्का म्हणाली.

मॅडमना विचारलं तर त्यांनी लगेच हो म्हटलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. दोन वॉचमननी प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट तिला वर आणलं. वर पोचल्यावर त्यांच्यातल्या थोरल्याला ती म्हणाली, "चाचा, दम लागला व्हय? मी तर कायच केलं न्हाई." ते हसले. तिला सूक्ष्मदर्शकावर वाकता येत नव्हतं, म्हणून मॅडमनी चित्र पडद्यावर घेतलं.

आधी मी धड पिल्लू दाखवलं. मग दुसरं. सुईनं हलकेच हात लावला. ते थरथरलं आणि पडून राहिलं.

अक्का बराच वेळ बघत होती. "परत लाव," ती म्हणाली. मी परत हात लावला. ती म्हणाली, "ते उठायला बघतंय गं."

"मासे उठत नाहीत अक्का."

"तुला काय ठाव? मी सांगते ना, उठायला बघतंय."

अक्कानं विचारलं, "ह्यांना दुखतं का?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मला दुखत न्हाई. लिहून ठेव तुझ्या वहीत. दुखत न्हाई, फक्त ऐकत न्हाई अंग." मग तिनं विचारलं, "आणि उद्या ह्यांचं काय करता?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत असायला हवं होतं. मी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मी खरं सांगितलं. पाण्यात भुलीचं औषध जास्त घालतो. ती झोपतात. मग उठत नाहीत.

"सगळ्यांचं?"

"मोजून झालं की सगळ्यांचं. धड असतील त्यांचंही."

"हां," ती म्हणाली. "मग ठीक हाय. फक्त न पळणाऱ्यांचं नसेल तर." आणि वॉचमनना म्हणाली, "चला चाचा, आता उतरायची वरात."

त्याच सुमारास मामा नांदेडला आला. मायचा धाकटा भाऊ. मामाच्या मुलाशी माझं लग्न व्हायचं हे मी लहान असल्यापासून ठरलेलं होतं, म्हणजे कुणी वेगळं ठरवलं नव्हतं इतकंच. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही एकत्र विहिरीत पोहायला शिकलो होतो. मला तो आवडत होता. हे लिहायला आता काही हरकत नाही.

मामानं पेढ्यांचा पुडा ठेवला आणि म्हणाला, "ताई, आता थांबायचं कशाला? उन्हाळ्यात उरकून टाकू."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. म्हटलं, "मामा, आधी त्याचं रक्त तपासू. माझं तपासलंय. माझ्यात ते एक आहे."

"काय हाय?"

मी सांगायला लागले. एक प्रत, दोन प्रती, आत्याचं घर, आजोळ, दोन्हीकडून आलेलं तेच अक्षर. टाकीत पाहिलेलं सगळं मला त्याच्यापुढं मांडता येईल असं वाटलं. तो ऐकत होता, पण त्याचा चेहरा मिटत चालला होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे आमच्या खानदानात खोट हाय म्हणतीस? माझ्या बापाच्या रक्तात?"

"खोट नाही मामा. हे कुणातही असतं. दोन्हीकडून आलं तरच..."

"माशावरून माणसाचं सांगायलीस व्हय तू?" तो उठला. "तुझ्या बहिणीचं नशीब वाईट. त्याचा बट्टा आमच्यावर लावू नको. उद्या माझ्या पोराला पोरगी कोण देईल?"

माय त्याच्या मागं फाटकापर्यंत गेली. अनवाणी. तो थांबला नाही. परत आल्यावर तिनं पेढे डब्यात भरले आणि मला विचारलं, "एवढं बोलायची काय गरज होती? हो म्हणाली असतीस आणि पोरं होऊ दिली नसतीस." आतल्या खोलीतून अक्का म्हणाली, "माय, गप बस." इतक्या जोरानं ती बऱ्याच महिन्यांत बोलली नव्हती. बोलून तिला खोकला आला.

पंधरा दिवसांनी मामाचा मुलगा प्रयोगशाळेत आला. घरी न सांगता, हदगावला बियाणं आणायला जातो म्हणून निघालेला. मी त्याला पिल्लं दाखवली. त्यानं ती वाकून पाहिली. बाही वर केली आणि म्हणाला, "घे रक्त." अहवाल आला. त्याच्यातही एक प्रत होती. मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडं मोटारीचा आवाज येत होता, तो शेतात असावा. तो म्हणाला, "बरं. मग मी घरी सांगतो, मला तू पसंत न्हाईस म्हणून. रक्ताचं सांगत न्हाई. बाबांना झेपणार न्हाई." तसं त्यानं सांगितलं. मामाचा राग आणखी वाढला, पण आता तो मुलावरही होता.

एप्रिलमध्ये अक्काला न्यूमोनिया झाला. तिचे जुने डॉक्टर लातूरला, म्हणून तिला तिकडं नेलं. मी अकरा दिवस तिच्यापाशी होते. निघताना मला आठवत होतं, की पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा बदलायला झाला आहे. हा कोळसा नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अडवतो. क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतं. आठवडाभर चालेल, आल्यावर बदलू, असा मी विचार केला. कुणाला सांगितलंही नाही. त्याच आठवड्यात इमारतीच्या गच्चीवरची टाकी धुऊन तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकली गेली.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात अक्काचे कपडे वाळत घालत होते. "सगळे गेले," त्या म्हणाल्या. मी विचारलं, किती वाचले? त्या म्हणाल्या, "सगळे म्हटलं ना मी."

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला जाऊन आले. मासे अजून टाक्यांतच होते, पोट वर करून. मॅडम माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "मोज आणि कारण लिही." मी कारण लिहिलं. कोळसा वेळेवर बदलला नाही. खाली सही केली. तीन पिढ्यांचं काम होतं ते. आतापर्यंत फक्त जनुक मोडून पाहिलं होतं; अक्काच्या अक्षराचा खरा प्रयोग, ज्यासाठी सगळं चाललं होतं, तो अजून व्हायचाच होता.

लातूरला परतले. अक्काच्या नाकावर ऑक्सिजनची नळी होती. ती रोज विचारायची तसं तिनं विचारलं, "माझी पिल्लं कशी हायत?"

"बरी आहेत."

ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "खोटं बोलताना तुझा आवाज वर जातो. लहानपणापासून."

मी सांगितलं. माझी चूक आहे हेही सांगितलं. ती काही वेळ श्वास घेत राहिली. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "पहिल्यापासून करायला किती दिवस?"

"वर्ष. जास्तच."

"कर मग. मला थांबता आलं तर मी थांबते."

ती चौदा महिने थांबली. नंतरच्या काळात तोंडावर मास्कचं यंत्र असायचं आणि बोलायला ते काढावं लागायचं. नकला गेल्या. कधीतरी घरमालकाच्या पावलांचा आवाज आला की ती फक्त भुवया उंचावायची आणि आम्हाला कळायचं. मी सकाळी जायची, संध्याकाळी यायची. पुन्हा टोचलेली अंडी, पुन्हा तीन महिने, पुन्हा तीन महिने. गच्चीवरच्या टाकीची किल्ली मी माझ्याजवळ ठेवली होती. रोज दोनदा पाण्यातलं क्लोरीन तपासायची. गरज नसतानाही.

शेवटी तिला साधी सर्दी झाली. चार दिवस. खोकून कफ काढण्याइतकं बळ छातीत नव्हतं. दुपारी तीनच्या सुमाराला माय तिला चमच्यानं पेज भरवत होती. एक चमचा गिळला, दुसरा तोंडातच राहिला. मी प्रयोगशाळेत होते. पोचले तेव्हा मायनं तिचं तोंड पुसलेलं होतं आणि केस विंचरत बसली होती.

मामा आला. कुणी कळवलं माहीत नाही. शिरूर अनंतपाळहून येईपर्यंत अंधार पडला होता, त्याच्यासाठी थांबलो होतो असंही नाही, पण तो वेळेवर पोचला. फाटकाबाहेर उभा राहिला. उचलायची वेळ आली तेव्हा पुढं येऊन त्यानं खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी शेजारणीनं पिठलं-भाकरी आणली. मामा भिंतीला टेकून बसला होता. ताटाला हात लावत नव्हता. माय त्याच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "तुझ्यात कायच न्हाई. बाबांच्यातबी न्हाई. माझ्यात होतं ते. माझ्यापासून सुरू झालं. आता जेव."

मी दारात उभी होते. हे खरं नाही हे मला माहीत होतं. ते आजोबांकडून आलं होतं, किंवा त्यांच्याही आधीपासून, आणि वडिलांकडून तितकंच. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि मी ते बोलले नाही. मामानं भाकरीचा तुकडा मोडला. मायनं त्याच्या ताटात पिठलं वाढलं.

प्रयोग त्यानंतर सात आठवड्यांनी पुरा झाला. न पळणाऱ्या पिल्लांपैकी काहींना अंड्यात असतानाच माणसाच्या धड जनुकाचा निरोप, म्हणजे पेशीला काय बनवायचं ते सांगणारा रेणू, टोचला होता. ती पळाली. काहींना अक्काचं बदललेलं अक्षर असलेला निरोप टोचला होता. ती कुशीवर पडून राहिली. मी तीनदा केलं, मॅडमनी दोनदा, एकमेकींना न सांगता कुठली बशी कुठली ते. दरवेळी तेच. आता ते "असू शकतं, नसूही शकतं" नव्हतं. मला आनंद झाला का? झाला. थोडा वेळ झाला. मग बशीतलं पाणी बदलायचं होतं, ते बदललं, आणि भुलीचं औषध घातलं.

मामाच्या मुलाचं लग्न नात्याबाहेर झालं. त्याला एक मुलगी आहे. ती पळते. एवढं त्यानं मला कळवलं, जास्त काही नाही. मामा आणि माय पुन्हा बोलायला लागले, पण आजोळी जाणं-येणं तुटलं ते तुटलंच. मी लातूरला शिकवायला लागले, माय माझ्यापाशी असते. माझं लग्न झालं नाही. त्याला ते अक्षर कारण नाही, पण गावाकडं सगळे तेच कारण सांगतात. लातूरचे ते डॉक्टर आता कधीकधी एखादं घर माझ्याकडं पाठवतात, अहवाल समजावून सांगायला. गेल्या वर्षी एका जोडप्याच्या अहवालात तेच अक्षर होतं. त्यांच्या मुलीला खात्रीनं तोच आजार होता, आणि ते त्यांना खात्रीनं सांगता येईल असं करणारी मीच होते. ती बाई माझ्यासमोर बराच वेळ बसली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं आभार मानले.

आमचं काम छापून आलं तेव्हा मी त्याची छापील प्रत घरी आणली. माय भाजी निवडत होती. मी तिला दाखवलं, हे माशांचे फोटो, ही आपल्या घराण्याची आकृती. आकृतीत बायकांची वर्तुळं आणि पुरुषांचे चौकोन होते. आजोळ आणि वडिलांचं घर, मध्ये दुहेरी रेघ, नात्यातल्या लग्नाची. खाली एक काळं वर्तुळ.

"ही अक्का?"

"हो."

"हितं काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. मराठवाड्यातली एक स्त्री, वय एकतीस, आईवडील नात्यातले.

"नाव?"

"नाव घालत नाहीत माय. नियम आहे."

तिनं हात पुसले. कागद मांडीवर घेतला, त्या वर्तुळावर बोट ठेवलं. "एवढं सगळं तिच्या अंगावर केलं आणि नाव न्हाई? कुणाला कळणार, कोण होती?"

तिनं माझ्या खिशातला पेन काढून माझ्या हातात दिला. "तू लिव्ह. हितं, बाजूला." तिला स्वतःला फक्त सही येते. मी काळ्या वर्तुळाच्या बाजूला अक्काचं पूर्ण नाव लिहिलं. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. मायनं ते अक्षर अन् अक्षर माझ्याकडून वाचून घेतलं. मग कागदाची घडी घातली आणि उठून तो ट्रंकेत, आधार कार्डांच्या पिशवीत ठेवला.

भाजी अर्धी निवडायची राहिली होती. ती मी निवडली.